एकट्यांची पंगत

फुकुओकात रामेनचं दुकान शोधायला नकाशा लागत नाही. डुकराची हाडं तासन्‌तास उकळली की जो वास सुटतो, तो दोन गल्ल्या आधीच तुम्हाला गाठतो आणि मनगट धरून दारापर्यंत आणून सोडतो. पुण्याच्या कारखान्यातर्फे मी तिथे यंत्रांचं प्रशिक्षण घ्यायला गेलो होतो. संध्याकाळी जपानी सहकारी कमरेत वाकून निरोप घ्यायचे, आपापल्या गाड्यांनी पांगायचे आणि मी वासाच्या हवाली व्हायचो.

दुकानात शिरल्यावर पहिली गाठ माणसाशी पडत नाही. दाराशी गोदरेजच्या कपाटाच्या धाकट्या भावासारखं कूपनांचं यंत्र उभं असतं. त्यावर बटणांच्या रांगा, सगळ्या चित्रलिपीत. काही समजेना तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबावं, बहुतेक ठिकाणी तिथे दुकानाचा खास पदार्थ असतो, एवढं मला कारखान्यात शिकवलं होतं. बाकीचं प्रशिक्षण त्या मानानं अवघड गेलं. पण बटण दाबण्याआधी पैसे. मी हजार येनची कोरी करकरीत नोट आत सारली. यंत्रानं ती जिभेसारखी बाहेर काढून दाखवली. उलटी घातली. पुन्हा जीभ.

या नोटेवर शिबासाबुरो कितासातो आहेत. जुलै २०२४ मध्ये जपाननं नोटा बदलल्या तेव्हा त्यांची नेमणूक झाली. साधासुधा माणूस नव्हे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग पेटला असताना तिथे जाऊन त्यांनी त्याचा जंतू शोधला. त्याच सुमारास, त्याच गावात येर्सिन नावाच्या शास्त्रज्ञांनीही तो शोधला आणि शास्त्रीय नाव येर्सिन यांचं लागलं, तो भाग वेगळा. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला. मग पुण्यात काय काय झालं ते पुणेकराला सांगायची गरज नाही. तर अशा माणसाला रामेनवाल्याचं यंत्र आत घेईना! नव्या नोटा ओळखायच्या तर यंत्र बदलावं लागतं, नाहीतर निदान त्याचे आतले भाग. आणि तो खर्च वसूल करायला वाडग्याची किंमत हजार येनवर न्यावी तर गिऱ्हाईक बिथरतं. रामेन हजाराच्या आत मिळायला हवं ही तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि धंदेवाले तिला चक्क ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. तेव्हा बऱ्याच छोट्या दुकानदारांनी जुनं यंत्रच ठेवलं आणि कितासातोंना बाहेर.

माझ्यामागच्या टायवाल्यानं अवाक्षर न काढता पाकिटातून जुनी नोट काढली, दोन्ही हातांनी मला दिली आणि माझी नवी दोन्ही हातांनी घेतली. जुन्या नोटेवर हिदेयो नोगुची. हेही जंतुशास्त्रज्ञच, आणि उमेदवारीच्या दिवसांत कितासातोंच्याच संस्थेत कामाला होते. यंत्रानं गुरूला दारात ताटकळत ठेवलं आणि शिष्याला क्षणात आत घेतलं. विद्यापीठांत असं चालतं हे ऐकून होतो.

आत एक लांब लाकडी फळी, तिच्यासमोर स्टुलं, पलीकडे वाफ आणि वाफेत डोक्याला फडकं बांधलेली तीन माणसं. मला पाहताच तिघंही स्वागताचं असं काही ओरडली की मी मागे वळून पाहिलं. आणि हा एवढा गजर झाल्यावर पुढे कोणी माझ्याशी बोलेना. आपल्याकडे हॉटेलात एकटा माणूस शिरला की वेटर आधी त्याच्या पाठीमागे बघतो. “अजून कोणी येणार आहे का?” नाही म्हटलं की तुमची रवानगी हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या टेबलावर. तिथे जेवताना शेजारचे कुटुंबवत्सल लोक आपल्याकडे बघून मनातल्या मनात कारणं लावत असतात. बायको माहेरी गेलीय, किंवा परत येणार नाहीये. इथे सगळीच स्टुलं एकेकट्यांनी भरलेली. कोणी कुणाचं कारण शोधत नव्हतं.

एकटेपणाचं पूर्ण शास्त्र बघायचं तर फुकुओकातल्याच ‘इचिरान’मध्ये जावं. मी आदल्या दिवशी गेलो होतो. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या असतात, परीक्षेत कॉपी होऊ नये तशा. उद्देश असा की लक्ष फक्त चवीवर राहावं. एकट्या बाईला संकोच न वाटता पोटभर खाता यावं हाही त्यामागचा विचार असल्याचं सांगतात. पेपरही देतात: सूप किती दाट, तेल किती, लसूण किती, पातीचा कांदा हवा की नको, शेवया किती कडक. लहानपणापासून ‘पानात पडेल ते खायचं’ या कलमाखाली वाढलेल्या माणसाला एवढं लोकशाही स्वातंत्र्य झेपत नाही. मी सगळीकडे ‘मध्यम’वर खूण केली. समोर बांबूचा पडदा अर्धवट वर, त्यातून दोन हात येतात, वाडगं ठेवतात, हातांचा मालक वाकून नमस्कार करतो आणि पडदा पडतो. नाटकाचा पडदा पडल्यावर जेवण सुरू होण्याचा अनुभव मला नवीन होता.

या छोट्या दुकानात पडदा नव्हता. वाडगं आलं. दुधासारखं पांढरं सूप, त्यात बारीक सरळ शेवया, वर डुकराच्या मांसाचे दोन काप. या सूपचं माहेर जवळचंच कुरुमे हे गाव. तिथे १९३७ साली एका गाड्यावर हाडांचं सूप विकायला सुरुवात झाली. ते पांढरं झालं पुढे, दुसऱ्या एका गाडीवर, भांडं चुलीवर विसरल्यासारखं जास्त वेळ राहिलं म्हणून, असं सांगतात. आमच्या घरी भांडं चुलीवर विसरलं की इतिहास घडत नाही, भांडण घडतं.

शेजारी तो टायवाला. एरवी लिफ्टमध्ये श्वाससुद्धा परवानगी घेऊन सोडणारी ही जात, पण वाडग्यावर वाकल्यावर त्यानं जो भुरका मारला, त्यानं माझा चष्मा हलला असावा. पलीकडच्यानं त्याला भुरक्यानंच उत्तर दिलं. मग सगळी फळी सुरू झाली. भुरक्यानं गरम शेवया तोंडात जाईपर्यंत निवतात आणि वास नाकाच्या मागच्या दारानं वर चढतो, हे खरं आहे, मी करून पाहिलं. शर्टावर नक्षी उमटते हेही खरं.

अर्ध्यात शेवया संपल्या. इथेच फुकुओकाची खरी गंमत आहे. इथल्या शेवया इतक्या बारीक असतात की गरम सूपमध्ये भराभर मऊ पडतात, म्हणून आधी थोड्याच देतात. सूप राखून ठेवायचं आणि त्यात शेवयांची दुसरी खेप मागवायची. तिला काएदामा म्हणतात. शहरातल्याच नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईच्या गिऱ्हाइकांसाठी ही युक्ती निघाली. किंमत किरकोळ. पण ती मागावी लागते. तोंडानं. मोठ्यानं. आणि किती कडक हेही सांगावं लागतं: साधी, ‘काता’, ‘बारिकाता’, आणि त्याही पलीकडे ‘हारिगाने’, म्हणजे तार.

मराठी माणूस मागून खात नाही. त्याला वाढणारा लागतो, तो पुढे झाला की हा पानावर आडवा हात धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि दोघांचीही अब्रू राहते. इथे ‘नको’ म्हणायचं तरी कुणाला? विचारतंय कोण? माझ्याकडे रिकामं सूप आणि भरलेला स्वाभिमान होता. मी मालकाकडे पाहून नुसतं सूचक हसलो. तोही हसला आणि कांदा चिरायला लागला. इचिरानमध्ये लाजाळूंची सोय आहे, धातूची पट्टी बटणावर ठेवली की एक धून वाजते आणि हात येतात. इथे धून मीच व्हायचं होतं. अखेर डोळे मिटून “काएदामा! बारिकाता!” असं ओरडलो. तिन्ही फडकी त्याच पट्टीत परत ओरडली आणि मिनिटाच्या आत शेवया वाडग्यात पडल्या. नंतर मी आणखी एकदा ओरडलो. त्याची गरज नव्हती, पण आवाज लागला होता.

वाडगं फळीच्या वरच्या पायरीवर ठेवलं, समोरच्या फडक्यानं आपली जागा पुसली आणि बाहेर आलो. रांग वाढली होती. तिच्या तोंडाशीच अस्सल मराठी.

“विचारा ना त्यांना. आपल्याकडचेच दिसतायत.”

गृहस्थ पुढे झाले. व्हेज मिळेल का? मी म्हटलं, सूप डुकराच्या हाडांचं असतं.

“पण हाडं काढून, गाळून देतात ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं.

“तुम्ही एकटेच जेवलात?” बाईंच्या आवाजात बेसिनशेजारचं टेबल होतं.

तेवढ्यात आतून हाक आली. एकच स्टूल रिकामं होतं, माझं.

“तू बस.”

“अहो, तुम्ही बसा. सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या.”

“छे, छे. मला कुठे एवढी भूक आहे?”

“मग मी तरी कशी बसू तुमच्या आधी?”

मालकानं दुसऱ्यांदा हाक मारली. हे दोघं अजून एकमेकांना आत ढकलत होते. मागचा पोरगा त्यांच्यामधून वाट काढून आत गेला आणि सरळ स्टुलावर बसला.