पंक्चर न होणारी ट्यूब कशी घ्यावी
(मांडव्याला उतरणाऱ्या नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. आपण सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, बुडाखाली गादी शिवलेली चड्डी घेतली, आणि आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरायचं, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट हरिहरेश्वर गाठायचं असं घरात जाहीरही करून टाकलं. 2020 साली ही बोट सुरू झाल्यापासून तासाभरात सायकलसकट पलीकडे जाता येतं, त्यामुळे असले बेत सुचायला वेळ लागत नाही. राहता राहिली ट्यूब.

मुंबईतला दुकानदार आपल्यापुढे एक जाडजूड, काळी, वजनदार ट्यूब ठेवील आणि म्हणेल, ‘साहेब, ही पंक्चरच होत नाही.’ त्यावर ‘मी काय अलिबागहून आलोय का?’ असं विचारायचा मोह होईल. विचारू नये, कारण आपण तिकडेच निघालो आहोत. शिवाय या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून एका अलिबागकरांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. ती 2019 साली फेटाळली गेली, म्हणजे कायद्याची हरकत नाही. पण अलिबागच्या पुढे चाक बसलं की पंक्चरवाला शांतपणे ‘मुंबईहून आलात वाटतं?’ असं विचारतो, आणि ती परतफेड कुठल्याच कोर्टात थांबवता येत नाही.

आता शत्रूची ओळख. या रस्त्यावर काटा बाभळीचाच असेल असा हट्ट धरू नये. नागाव-चौलच्या वाड्यांच्या कुंपणावरच्या काटेरी फांद्या तोडल्या की त्यातल्या थोड्या रस्त्याला लागतातच. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली पोलादी तार केसाएवढी असते, दिसत नाही, आणि सगळ्यांत इमानदार तीच: एकदा कव्हरात शिरली की दुसरी ट्यूबही तिचीच. काच आहे. आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे सायकल चालवत नेण्याची हौस असेल, तर खडकांना चिकटलेली कालवं आहेत. कालवाच्या शिंपल्याची कड पातीसारखी असते. तिच्यापुढे कुठलीही ट्यूब ही फक्त किमतीची बाब उरते.

पाऊस असेल तर वरची प्रत्येक गोष्ट दुप्पट समजावी. पाणी कचरा वाहून रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमका सायकलवाल्याच्या वाटेवर आणून ठेवतं, आणि ओल्या रबरात काच सहज घुसते.

ट्यूब निवडताना पहिली गोष्ट माप. टायरच्या बाजूवर 40-635 असा आकडा असेल तर रुंदी 40 मिलिमीटर आणि रिमचा व्यास 635 मिलिमीटर. हा आपल्याकडच्या जुन्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलचा. ‘सव्वीस इंची द्या’ एवढं सांगून मोकळं होऊ नये, कारण सव्वीस इंची म्हणवणारे टायर निरनिराळ्या व्यासांचे असतात आणि ते एकमेकांची ओळखही दाखवत नाहीत.

मग जात. साधी ट्यूब ब्युटाइल रबराची. हे रबर 1937 च्या सुमारास अमेरिकेत तयार झालं आणि हवा धरून ठेवण्यात ते नैसर्गिक रबराच्या कितीतरी पुढे आहे. काटारोधक ट्यूब म्हणजे हेच रबर, फक्त रस्त्याकडच्या बाजूला तीन-चार मिलिमीटर जाड. फायदा खरा आहे, छोटा काटा तिथेच थांबतो. मात्र वजन साध्या ट्यूबच्या दुप्पट-अडीचपट, आणि ते चाकाच्या कडेला, म्हणजे जिथे ते सगळ्यांत जास्त जाणवतं तिथे. काशीदच्या चढावर प्रत्येक पायंडलला ते आठवण करून देतं. रिमकडची बाजू पातळच असल्यामुळे स्पोकचं टोक आतून टोचलं, रिमची पट्टी सरकली किंवा वॉलच्या मुळाशी चीर गेली, तर त्या जाडीला काही कळतही नाही.

चिकट द्रव भरलेली ट्यूब ही दुसरी जात. भोक पडलं की द्रव तिथे धावतो आणि गोठतो. छोट्या भोकाला उत्तम. चीर पडली तर मात्र तो गोठत नाही, उडतो, आणि पंक्चरवाल्याच्या शर्टावर हिरवं नक्षीकाम होतं. त्या ओल्या जागेवर पॅच चिकटत नाही, तेव्हा तो चाक परत आपल्या हातात देतो आणि पैसे न मागता सल्ला देतो. काही महिन्यांत द्रव वाळतो, उन्हात त्याहून लवकर. हवा भरताना वॉल अगदी खाली ठेवू नये, चार वाजल्याच्या किंवा आठ वाजल्याच्या जागी ठेवावा, नाहीतर वॉलच बुजतो. ही एक सूचना मी गंभीरपणे देतो आहे.

तिसरी, चाळीस ग्रॅमच्या आसपासची, पारदर्शक, महागडी प्लास्टिकी ट्यूब. खिशात मावते, मित्रांना दाखवता येते. पण तिला नेहमीचं सोल्युशन चालत नाही, पॅच तिचा स्वतःचा लागतो, आणि बोर्लीच्या दुकानात तो नसतो. याशिवाय टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची संरक्षक पट्टीही मिळते. ती काटा अडवते, आणि पुढे तिच्याच टोकाने घासून ट्यूब कापते. नाटकातल्या दगाबाज कारभाऱ्याचं काम ती बिनचूक करते.

एवढं वाचून जो संशय आला असेल तो योग्य आहे. प्रतिबंधक ट्यूब पंक्चर टाळत नाही, पुढे ढकलते. साध्या ट्यूबवाल्याचं पंक्चर अलिबागच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर होतं. आपलं काशीद ओलांडून, फणसाडच्या जंगलाच्या कडेला, संध्याकाळी साडेपाचला होतं, जेव्हा आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या शेवटच्या बोटीचा हिशेब मनात चालू असतो. म्हणून निवड ट्यूबची जाडी पाहून करू नये. ती फुटल्यावर जवळचा माणूस ती दुरुस्त करू शकेल का, एवढंच बघावं.

या कसोटीवर वॉलचा प्रश्न जाडीपेक्षा मोठा ठरतो. मोटारसायकलसारखा जाड वॉल घ्या. पेट्रोल पंपावर, गॅरेजात, रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे त्यात हवा भरता येते. फक्त पंपाच्या कॉम्प्रेसरवर एकदम दाबू नका, सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फुगते आणि तिसऱ्यात आवाज येतो. आपल्या सायकलला बारीक, शेंड्याला इवलं चाक असलेला वॉल असेल, तर पितळेचा जोड घ्या आणि तो सायकललाच बांधून ठेवा. घरी राहिलेला जोड कोकणात मिळत नाही. जुन्या काळ्या सायकलचा, रबरी नळी घातलेला वॉल असेल तर आपल्याला काहीच सांगायची गरज नाही, आपल्या गावात सगळ्यांनाच तो माहीत आहे.

ट्यूबपेक्षा टायरवर खर्च करा हेही जाता जाता. आणि हवा. कमी हवेत खड्ड्यावर चाक आपटलं की रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी. त्यात काट्याचा काही दोष नसतो, कितीही शोधलात तरी तो सापडणार नाही.

पंक्चर झाल्यावर वॉलजवळच्या टायरवर आणि ट्यूबवर खुणा करून मगच ट्यूब बाहेर काढा. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे दिसले की ती जागा वॉलपासून मोजा आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये आतून चिंधी फिरवा. बोट फिरवू नका. चिंधी जिथे अडकेल तिथे ती तार असते. कानसेने रबर घासा, सोल्युशन लावा, आणि थांबा. ओलं सोल्युशन चकाकतं. चकाकी जाऊन ते मंद दिसू लागलं की मगच पॅच दाबायचा. सगळे नवशिके इथेच घाई करतात, आणि तोच पॅच दोन किलोमीटरवर उलटा सुटतो. पंक्चरवाला या वेळात विडी ओढतो, ते आळशीपणामुळे नव्हे.

शेवटी खरेदीची यादी: दोन साध्या ब्युटाइल ट्यूब, योग्य मापाच्या. पॅच, सोल्युशन, कानस, दोन लिव्हर, छोटा पंप, पंचवीस रुपये सुटे. काटारोधक ट्यूब आधीच घेतली असेल तर मागच्या चाकात घाला, पंक्चर बहुधा तिथेच होतं. दुसरी जाड ट्यूबही सोबत घेतली असेल तर ती चढाआधी कुणाला तरी देऊन टाका. मुरूडच्या बाजारात सामान बांधायला तिचा उपयोग करणारे सापडतील.