मनगटावरचा ऐवज

1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कल्याण कॅम्प या सिंधी निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि निर्वासितांच्या उद्यमशीलतेने पुढे येथे परदेशी वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती माफक दरात मिळू लागल्या. त्याच परंपरेने आज ताटलीएवढी घड्याळे तरुणांच्या मनगटी विराजमान आहेत. ज्यांच्या तीर्थरूपांची उभी नोकरी एचएमटीच्या सुमारे 35 मिलिमीटरच्या तबकडीवर निभावली, ते चिरंजीव शेरवानीवर सोनेरी, पांढऱ्या सदऱ्यावर पोलादी आणि जीन्सवर काळे रबरी, असा पोशाखवार बंदोबस्त राखतात. सदऱ्याची बाही त्या अवजड ऐवजावर उतरत नाही, म्हणून ती दुमडण्याचा शिरस्ता पडला आहे. बदलापूर-अंबरनाथच्या फलाटांवर या साऱ्या तबकड्यांचे एकमत होते ते एवढ्यापुरतेच, की लोकल उशिरा आहे. तस्मात् सज्जनहो, घड्याळाची खरेदी मुक्रर करण्यापूर्वी मनगटाची रुंदी अवश्य मोजून घ्यावी.