मत्स्यमृत्यू चौकशी समिती

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर लोक खरूज, नायटे आणि सांधेदुखी घेऊन येतात. भाऊंकडे मात्र मेलेला मासा घेऊन येतात. महाड-पोलादपूर पट्ट्यात कुणाच्याही काचेच्या टाकीत मासा उलटा झाला की भाऊंना फोन जातो. नाही गेला, तरी ते येतातच.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. चेहऱ्यावरून बिनतिकीट प्रवासी ओळखणारी नजर निवृत्तीनंतर वाया जाऊ नये, म्हणून त्यांनी ती माशांच्या मरणाकडे वळवली. आल्या आल्या ते पाण्यात बोट बुडवून वास घेतात. मग चहा घेतात. मग साक्षीपुरावे सुरू. फरशी कशानं पुसली? फिनेलचा हात टाकीत कुणी घातला? गणपतीआधी भिंतींना रंग दिलात तो कुठला? घरातली आजी म्हणते, "माशानं घरावरचं अरिष्ट स्वतःवर घेतलं." भाऊ शांतपणे विचारतात, "आजी, गेल्या महिन्यात सात मॉल्या गेल्या. सात अरिष्टं आली होती का?" आजी आत जाते.

त्यांना काही कळत नाही असं मात्र नाही. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर पडते. ते नळाचं पाणी तसंच टाकीत ओतलं तर क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतं. म्हणून पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवा, असं भाऊ बजावतात, आणि ते बरोबर आहे. रात्री वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात, हेही त्यांनी ताडलेलं. उन्हाळ्यात हे जास्त होतं, कारण तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. हे आकडे भाऊ तिकिटाच्या दरासारखे पाठ म्हणून दाखवतात.

दुसऱ्याच्या घरी तपास असा चोख. प्रश्न येतो तो घरच्या टाकीचा. दोन फुटी टाकी, त्यात डझनभर गोल्डफिश, आणि दर आठवड्याला अंत्यविधी. प्रत्येक मरणानंतर भाऊ सगळं पाणी उपसतात, खडे उकळतात आणि फिल्टरचा स्पंज साबणाच्या पावडरीनं खसाखसा धुतात. पाणी आरशासारखं लखलखतं. चार दिवसांनी पुन्हा एक जण उलटा.

सुटीला आलेली भाची बी.एस्सी. करते. ती म्हणाली, "मामा, माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला खाऊन टाकणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. त्यांना बस्तान बसवायला महिना-दीड महिना लागतो, आणि तुम्ही त्यांना दर आठवड्याला बेघर करता. पाव टाकी पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा, आणि खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला."

"खाण्यानं मासे मरतात?" भाऊ उसळले. "वाळणकोंडीत जाऊन बघ! देवीचे मासे. माणसं पिशव्या पिशव्या चुरमुरे टाकतात, कुणी त्यांना हात लावत नाही, आणि एकेक केवढा दांडगा!"

"तिथं काळ नदी वाहते, मामा. तुमच्या टाकीत वरून नदी येत नाही आणि खालून जात नाही."

इतका वेळ तांदूळ निवडणाऱ्या मामी तेव्हा साक्षीला उभ्या राहिल्या. "सकाळी हे घालतात. दुपारी नातू घालतो. रात्री निजताना 'बिचारे उपाशी असतील' म्हणून पुन्हा हेच. आणि चिमूट म्हणाल तर यांची चिमूट म्हणजे माझी मूठ."

भाऊ बराच वेळ टाकीकडे बघत बसले. साक्षीदार घरचा, पुरावा डोळ्यांसमोर, आरोपी खुर्चीत. अखेर समितीचा निष्कर्ष जाहीर झाला: दोष खाद्यात आहे खरा, पण तो डबाच भेसळीचा असणार.

दुपारच्या गाडीनं ते महाडला जाऊन दुसऱ्या कंपनीचा डबा घेऊन आले. मोठाच आणला. त्याच्यावर पाव किलो फुकट होतं.