हालचाल आढळली

सिग्नल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर कॅमेरा देऊ नये. आमच्या नानांच्या हाती तो त्यांच्या मुलानेच दिला. मुलगा बंगळुरूला, नाना आणि माई विठ्ठलवाडीला. आईवडील बरे आहेत ना, हे अधूनमधून बघता यावं, एवढाच मुलाचा हेतू. पण आठवड्याभरात कॅमेरा सोसायटीचा झाला, नाना कॅमेऱ्याचे झाले आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून सुप्रभातची फुलं हद्दपार झाली. त्यांच्या जागी आली फुटेजं. एक दारावरचं, एक पार्किंगमधलं. कारण कॅमेरा एकटा कधीच राहत नाही, महिन्याभरात त्याला भावंड होतं.

असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. तो कमिटीत नसतो, पण कमिटीला झोपू देत नाही. त्याच्या मेसेजची भाषा पोलीस ठाण्यातून आलेली असते. ‘सदर इसम निळा शर्ट, हातात पिशवी, रात्री ९:४२, जिन्यात रेंगाळताना आढळला. ओळखीचा आहे काय?’ खाली पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं उत्तर: ‘माझा भाचा आहे. इडलीचं पीठ आणायला पाठवला होता.’ त्यावर नाना: ‘ठीक. पुढच्या वेळी पूर्वसूचना द्यावी.’

नाना समजून घ्यायचे तर सुरुवात रुळांपासून करावी लागते. रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या चाकांमधून आणि आसातून तो मधल्या मध्ये वळतो, टोकाचा रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. खरी गंमत पुढे आहे. रूळ तुटला, तार निसटली, वीज गेली, तरी रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. यंत्र चुकलंच तर गाडी थांबवण्याच्या बाजूने चुकावं, ही त्यामागची अक्कल. पावसाळ्यात रुळांवर पाणी चढलं की गाडी नसतानाही यंत्रणा ‘गाडी आहे’ म्हणते आणि कल्याणच्या अलीकडे-पलीकडे दारात लोंबकळणारी माणसं रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. नानांनी तो उद्धार भर नोकरीत ऐकला. ‘शिव्या खाव्यात,’ ते म्हणतात, ‘पण खोटा हिरवा देऊ नये.’

या वाक्यापुढे कोण काय बोलणार? म्हणून कॅमेऱ्याच्या अलर्टने नानांचा फोन दिवसरात्र टिंग करत राहिला.

वास्तविक कॅमेरा हा अडाणी प्राणी. चोर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसतं. आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र ताडून बघायचं आणि बऱ्यापैकी ठिपके बदलले की बोंब ठोकायची, एवढंच त्याचं शिक्षण. मग डेपोकडे वळणाऱ्या एसटीचा हेडलाइट कंपाउंडच्या भिंतीवरून सरकला की हालचाल. लाइट गेली की हालचाल, आली की हालचाल. रात्रीच्या पावसात प्रत्येक थेंब कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात पांढरी रेघ होऊन उतरतो, म्हणजे जुलै महिना अख्खा संशयित. शिवाय वालधुनीच्या कृपेने डासांना आमच्याकडे तोटा नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहत येणारी ही नदी उल्हासनगरचं सगळं काही पोटात घेऊन आमच्यापर्यंत पोचते आणि तिचे डास थेट लेन्सपर्यंत.

नानांनी मग पैसे भरून ‘फक्त माणूस ओळखा’ अशी सोय घेतली. यंत्र शहाणं झालं, पण बेतानेच. दोरीवर वाळत घातलेला माईंचा गाऊन त्याने एका दुपारी सतरा वेळा पकडला. गणपतीत गेटसमोर एक फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेले भावी नगरसेवक, त्यांच्या मागे त्यांचे मार्गदर्शक, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. वारा आला की फ्लेक्स फडफडायचा, कॅमेरा जागा व्हायचा आणि नानांच्या फोनवर उमटायचं: मनुष्य आढळला, मनुष्य आढळला, मनुष्य आढळला. विसर्जन होऊन फ्लेक्स उतरेपर्यंत आख्खी कार्यकारिणी रात्रभर आमच्या गेटवर संशयास्पद उभी होती. नानांनी त्यांचंही फुटेज टाकलं. त्याला मात्र ग्रुपवर खूप अंगठे मिळाले.

तरीही या सगळ्यांत बिलंदर निघाला तो कोळी. पार्किंगमधल्या कॅमेऱ्याच्या तोंडाशीच त्याने जाळं विणलं. रात्री लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागले की तेवढं जाळं झगझगीत उजळायचं आणि इतक्या जवळचा कोळी पडद्यावर मोटारसायकलपेक्षा मोठा दिसायचा. तो पाय हलवायचा, फोन टिंग करायचा. ग्रुप आम्ही सगळ्यांनी केव्हाच म्यूट केला होता. नंतर कळलं की रात्री झोपताना नानाही फोन उशीखाली दाबत असत. माई म्हणायच्या, ‘मी पाणी प्यायला उठले तर ह्यांच्या फोनला कळतं, ह्यांना कळत नाही.’

आणि अशाच एका रात्री पार्किंगमधून खरोखर एक सायकल गेली. अलर्ट आला होता. त्याच्या पुढे-मागे कोळ्याचे इतके अलर्ट होते की तो त्यांत कुठे बसला ते शोधायला नानांची सकाळ गेली. फुटेज मिळालं तेही असं, की सायकल स्पष्ट, चोराची चप्पल स्पष्ट, आणि नेमका चेहरा यायच्या जागी कोळ्याचा पाय. चौकीतल्या हवालदारांनी चष्मा लावून ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, ‘काका, यातला आरोपी आठ पायांचा दिसतोय.’

नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची पोरगी स्वतःहून त्यांच्याकडे गेली.

‘नाना, तुमच्या त्या ऑटोमॅटिक सिग्नलला लाल मिळाला की मोटरमन काय करतो हो?’

‘थांबतो.’

‘आणि लाल हटलाच नाही तर?’

नाना प्रामाणिक माणूस. नियम त्यांना पाठ. ऑटोमॅटिक सिग्नल लालच राहिला तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग जपून, पुढे नजर ठेवून गाडी पुढे काढायची. हे सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे सापडलो. खोट्या लालपुढे गाड्या जन्मभर उभ्या ठेवता येत नाहीत, हे रेल्वेने कधीच मान्य केलं होतं.

पहिली दुरुस्ती पोरीने झाडूने केली. जाळं काढलं, लेन्स पुसली आणि दर शनिवारी पुसायची असं माईंना सांगितलं (नानांना नाही). पार्किंगचा कॅमेरा ट्यूबलाइटपासून लांब नेला, कारण किडे जमतात ते ट्यूबलाइटला. त्याची मान खाली वाकवली, म्हणजे हेडलाइट आणि आभाळ दोन्ही चित्राबाहेर. संवेदनशीलता टोकाला नेलेली होती, ती निम्म्यावर आणली. खरी लढाई झाली ती ॲपमध्ये बोटाने चौकट आखून ‘एवढ्यातच लक्ष दे’ सांगण्यावर. गेटबाहेरचा रस्ता सोडायला नाना तयार होईनात. गावाकडच्या बांधाची मोजणी चालावी तसे ते एकेक वीत लढले. शेवटी रस्ता गेला, गेट राहिलं. दारावरच्या कॅमेऱ्यातून समोरच्यांचा उंबरठाही काळ्या पट्टीखाली झाकला गेला. श्रावणात त्यांच्याकडे डिलिव्हरीच्या पिशवीतून काय येतं, हे नानांना कळणं बंद झालं आणि समोरच्या वहिनी कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी हसून बोलल्या.

काम करता करता पोरीने त्यांना मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या बाईंची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या परिचारिका. कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, पोलीस बोलावले तरी वेळेवर येत नसत. म्हणून त्यांनी नवऱ्याच्या मदतीने दाराला चार भोकं आणि त्यांमागे खाली-वर सरकणारा कॅमेरा अशी रचना केली. 1966 साली अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळालं. घरच्या कॅमेऱ्यांची ती आजी.

‘तिचा अलर्ट कसा वाजायचा?’ नानांनी विचारलं.

‘आपोआप वाजायचाच नाही. टीव्हीसमोर बसून माणसाने बघायचं.’

‘हं,’ नाना म्हणाले. हा हुंकार आम्ही तेव्हा फार मनावर घेतला नाही.

फोन गप्प झाला. दिवसाकाठी दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी आणि एखादं कुरिअर, बास. लोकांनी एकेक करून ग्रुप अनम्यूट केला. सुप्रभातची फुलं परतली. नाना तेवढे सुकत चालले. दर अर्ध्या तासाने ते फोन हातात घेऊन रेंज तपासायचे. कॅमेरा चालू आहे ना, हे बघायला स्वतःच पार्किंगमधून दोन फेऱ्या मारायचे आणि टिंग झालं की समाधानाने वर यायचे. दुकानदाराला फोन करून त्यांनी तक्रारही नोंदवली की कॅमेरा काही पकडत नाही. ‘काका, काही घडतच नसेल,’ तो म्हणाला. असल्या उत्तराने सिग्नल खात्यातला माणूस ऐकतो होय! दिवा विझलेला दिसला तरी तो लाल धरायचा, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला शांतता म्हणजे बिघाडच वाटणार.

परवा रात्री ग्रुपवर मेसेज आला. ‘रात्री १:००. दोन्ही कॅमेरे समक्ष पाहिले. हालचाल नाही.’ मग दोनचा. ‘हालचाल नाही.’ तीनचा. ‘हालचाल नाही. मांजर होते, सोसायटीचेच.’ आता कोणाचाही ग्रुप म्यूट नव्हता, त्यामुळे प्रत्येक टिंग घराघरात वाजली. तीन वाजून पाच मिनिटांनी सेक्रेटरींचा मेसेज पडला: ‘नाना, तो कोळीच बरा होता.’

नानांचं उत्तर तत्काळ आलं: ‘सदर कोळी पुन्हा आढळल्यास कळवू.’