सहा म्हणजे किती वाजता?

श्रीगोंदे तालुक्यातल्या माणसाला वेळेची किंमत नाही, असं ज्याला वाटतं त्याने एकदा रात्री दोन वाजता शिवारात यावं. थ्री फेज लाईट दोनला येणार असेल तर आमचा गडी पावणेदोनलाच बॅटरी घेऊन मोटारीच्या पेटीपाशी उभा असतो. चारीच्या पाण्याची पाळी असली की फावडं खांद्यावर टाकून आधीच बांधावर हजर. शेजाऱ्याने त्याच्या पाळीतली पाच मिनिटं खाल्ली तर दोन पिढ्या बोलणं बंद. शनिवारी काष्टीच्या बाजारात जनावर न्यायचं तर उजाडायच्या आत टेम्पो भरलेला. हाच माणूस सकाळी सहाच्या पोहण्याच्या सरावाला पावणेसातला येतो आणि विहिरीत डोकावून विचारतो, "झालं का सुरू?"

आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनी पोहण्याचा संघ काढला आहे. कोणाला डॉक्टरने साखर सांगितली, कोणाला गुडघे, कोणाला घरच्यांनी नुसतंच पोट दाखवलं. तलाव म्हणाल तर एक जुनी बांधीव विहीर, पायऱ्यांसकट. ध्येय मात्र समुद्राएवढं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे म्हातारेकोतारेही उतरतात, मग आपण का नाही?

संघाचा नियम एकच, आणि तो शहाणपणाचा आहे. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. पाण्यात किमान दोघे आणि काठावर दोर-ट्यूब घेऊन तिसरा. विहिरीत पायात गोळा आला तर वर बसलेल्या पारव्यांचा उपयोग नसतो.

आता या नियमाचं गणित बघा. निवृत्त गुरुजी सहाच्या ठोक्याला येतात, कपडे काढतात, टॉवेल गुंडाळून पायरीवर बसतात. सहा वीसला दुसरा येतो. दोघे झाले, पण दोराला माणूस नाही. आता दोघे मिळून बसतात. सहा चाळीसला लिंबाचे आडते बुलेटवरून उतरतात आणि वरूनच आवाज देतात, "आवो गुरुजी, अजून कोरडेच का? मग मी कुठं उशिरा आलो?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी शोधून पाहिलं. सराव तिसरा माणूस आल्यावर सुरू होतो, म्हणजे तिसरा माणूस कधीच उशिरा येत नाही. उशीर झालाच असेल तर तो पहिल्याचा. तो उगाच लवकर आला.

गुरुजींनी उपाय म्हणून साडेपाचची वेळ जाहीर केली. लोकांनी त्यात अर्धा तास परस्पर मिळवला. मग पाचची केली, लोकांनी तास मिळवला. बेरीज त्यांनीच शिकवलेली, तक्रार कोणाकडे करणार?

आडत्यांकडे आणखी एक हुकमी सबब आहे, ती म्हणजे कालवा. कुकडीचा डावा कालवा येडगाव धरणातून निघतो, पारनेर ओलांडून आमच्याकडे येतो आणि पुढे कर्जत-करमाळ्याला जातो. तिकडे दार उघडलं म्हणजे इकडे चारी भरली असं होत नाही. आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, पाणी यथावकाश येतं, विहिरीला पाझर त्याहून मागे. "जिथं पाणीच सवडीनं येतं, तिथं पोहणाऱ्यानं घाई करायची म्हणजे पाण्याचा अपमान," असं आडते म्हणतात. माणसं माना डोलावतात.

एके दिवशी गुरुजींनी स्टॉपवॉच आणलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार फेऱ्या. आडते धापा टाकत पायरीला चिकटले. गुरुजी म्हणाले, अठ्ठावन्न पूर्णांक सहा सेकंद. आडते पाण्यातूनच उसळले. "अठ्ठावन्न चार! तुमचा अंगठा उशिरा पडला!" पाऊण तास उशिरा आलेला माणूस दोन दशांश सेकंदांसाठी कंबरभर पाण्यात भांडत होता. बाकीचे काकडत ऐकत होते.

गुरुजींनी मग 1972 सालचं म्युनिक ऑलिंपिक काढलं. 400 मीटर वैयक्तिक मिडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मकी, दोघांचीही वेळ चार मिनिटं 31.98 सेकंद. हजारावा भाग तपासला, लार्सन दोन हजारांश सेकंदांनी पुढे निघाला आणि सुवर्ण घेऊन गेला. पुढे जलतरणवाल्यांनीच ठरवलं की हजारावा भाग मोजायचा नाही, कारण तलावाच्या लेनही इतक्या अचूक बांधता येत नाहीत.

"बघा," आडते म्हणाले, "जगानं हजारावा भाग सोडला. आपण तास सोडला. तत्त्व एकच."

त्याच वर्षी हायडेलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं, हेही गुरुजींनी सांगितलं. अंगात युद्धातल्या गोळ्या घेऊन हा माणूस पोहला, म्हणाले. सगळे गप्प झाले. मग कोणीतरी म्हणालं, "त्यांच्यावरचा पिक्चर भारी होता."

शेवटी दंड ठरला. उशिराला दहा रुपये, मालवणच्या गाडीभाड्यासाठी. पहिला आठवडा धाक बसला. सहाला पाच मिनिटं कमी असताना विहिरीवर अशी गर्दी, की वाटावं कोणी पडलं. दुसऱ्या आठवड्यात आडत्यांनी गुरुजींच्या हातात शंभराच्या तीन नोटा ठेवल्या. "महिन्याचा पास." आता ते पावणेसातला येतात ते हक्काने, आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणतात, "भरलेत पैसे." त्यांचं पाहून आणखी चौघांनी पास काढला. एकाने तर वर्षाचा घेऊन सवलत मागितली.

गंगाजळी बरी जमली आहे. वही गुरुजींकडे असते आणि अलीकडे तेही साडेसहाला येतात. परवा एक नवा सभासद सलग चार दिवस सहाला हजर राहिला, तेव्हा गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच समजावलं की बाबा रे, तुझ्यासारखे आणखी निघाले तर मालवणच्या डिझेलचं काय करायचं?