वैशाखातला ड्रायर

आमच्या गल्लीत वॉशिंग मशीन बिघडलं की ते एका घराचं राहत नाही. परवा वहिनी मागच्या अंगणात मशीनचं झाकण उघडून उभ्या होत्या. कंपाउंडची भिंत सकाळी दहालाच तापलेली. तरी पलीकडून मावशींनी पदर दुमडून कोपर टेकवलंच.

“काय व, बंद पडलं का?”

“अर्धं बंद पडलं, मावशी. धुवायची बाजू फिरते, ड्रायर नुसता घूं घूं करतो. हे म्हणतात, सात वर्षं झाली, देऊन टाका. पुण्याहून पोरगा म्हणतो, फ्रंट लोड घ्या, जीएसटी कमी झालाय. आखाजीला लेक यायच्या आत नवं घरात पाहिजे म्हणे.”

“अन् तू काय म्हनते?”

“मला कोणी विचारलंय?”

तिसऱ्या बाजूच्या भिंतीवर मी होतोच. जीएसटीचं नाव निघाल्यावर गप्प राहणं जमलं नाही. म्हटलं, सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरला तो एसीचा, डिशवॉशरचा, मोठ्या टीव्हीचा. वॉशिंग मशीन जुलै २०१८ मध्येच २८ टक्क्यांवरून १८ वर आलंय, तेव्हापासून तिथंच आहे.

“म्हनजे पोरगं एसीची सूट मशीनले लावू राह्यलं!” मावशी खुश. “अन् मले एक सांग, वैशाखात ड्रायर कशाले पाह्यजे? दोरीवर दुसरं लुगडं टाकेपर्यंत पहिलं कडक होतं.”

वहिनी हसल्या, पण मुद्दा बिनतोड होता. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खान्देशात पिळायचं काम ऊन फुकट करतं. ड्रायरची खरी गरज आषाढ-श्रावणात, जेव्हा जीन्स घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस कुबट वास मारते. म्हणजे वहिनींच्या हाताशी विचार करायला अख्खा उन्हाळा होता. घाई होती ती दुकानदाराच्या पत्रकाला.

“पण घूं घूं म्हणजे मोटर गेली ना?” वहिनींची खरी भीती ही.

उलट आहे. आवाज येतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतेय, फक्त तिला सुरुवातीचा झटका मिळत नाही. तो झटका देतो कपॅसिटर, ज्याला आपले मिस्त्री कंडेन्सर म्हणतात. तो शे-दोनशेचा पार्ट. कधी ड्रायरच्या ब्रेकची तार अडकते, कधी मोजा किंवा हातरुमाल टबाबाहेर सटकून खाली गुंडाळला जातो. काहीच आवाज नसेल तर टायमर, झाकणाचा स्विच किंवा तुटलेली वायर बघायची. जळका वास आला, तर मात्र मोटरचं वाइंडिंग, तिथं खर्चाचं पान उलटतं. सांगायचा मुद्दा, मशीन ‘गेलं’ असं कधी नसतं. कोणता पार्ट गेला, ते आधी विचारावं.

“वायर उंदरानं खाल्ली असंन,” मावशी म्हणाल्या. “आमच्याकडे खाल्लेली. खालून उघडंच असते ते. मिस्त्रीनं जाळी ठोकली, मंग बंद झालं.”

मावशींच्या घरी अजून व्हिडिओकॉनचं जुनं मशीन आहे. औरंगाबादच्या धूतांची ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, मशीन मात्र मावशींच्या मोरीत शाबूत. कारण साध्या सेमी-ऑटोमॅटिकचा बेल्ट, कंडेन्सर, टायमर हे बाजारातले चालू पार्ट. कंपनी असो-नसो, जळगावात मिळतात. मशीन येण्याआधी मावशींनी गोधड्या वाघूर नदीवर नेऊन धुतल्यात, त्यामुळे फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूबद्दल त्यांना आदर आहे.

“पण मोटरला दहा वर्षांची वॉरंटी आहे,” वहिनींना आठवलं.

कार्ड आणवलं. वॉरंटी होती, नुसत्या मोटरची. कंडेन्सर, सील, टायमर, मिस्त्रीची फेरी, सगळं आपल्या खिशातून. जे सहसा बिघडत नाही त्याची हमी मोठ्या अक्षरात, हा या धंद्यातला जुना शहाणपणा.

मग फ्रंट लोडचा विषय. कपडे ते स्वच्छ धुतं, पाणी कमी घेतं, हे खरंच. पण त्याला नळाचं पाणी दाबानं लागतं. आपल्याकडे नळ येईल त्या दिवशी टाकी भरायची, नाहीतर बोअर; आणि बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरी पुटं चढतात. तीच पुटं फ्रंट लोडच्या हीटरवर चढणार. वीज खाली-वर झाली की आतलं सर्किट बोर्ड जाणार, त्याचा खर्च हजारांत. काही मॉडेलांत तर टबाचे दोन भाग कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात. बेअरिंग गेलं की अख्खा टब बदला. सेमीत बादलीनं पाणी ओतता येतं, तेच पाणी आधी पांढऱ्या, मग केळीच्या चिकाच्या कपड्यांना वापरता येतं. पुण्याच्या फ्लॅटमधला सल्ला आमच्या नशिराबादच्या टाकीला विचारून घ्यावा.

“मग नवं कधीच घ्यायचं नाही?”

घ्यायचं की. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली, पार्ट मिळेनासा झाला, खालचा पत्रा गंजून बॉडीत करंट उतरायला लागला, किंवा दर चार महिन्यांनी मिस्त्री चहाला यायला लागला, तर भावनेत अडकू नये. बॉडीत करंट असेल तर एक दिवसही थांबू नये. आणि मिस्त्री वा कंपनी उडवाउडवी करायला लागली तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलंय. जुनं मशीन भंगारवाल्याला देण्यातही मेख आहे. तो आधी विचारतो, मोटर तांब्याची का ॲल्युमिनियमची, आणि भाव तिथेच ठरतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीनही येतं. नोंदणीकृत संकलकाला किंवा एक्स्चेंजमध्ये दुकानदाराला देणं बरं.

दुपारी मिस्त्री आला. मागचं झाकण खोललं, कंडेन्सर फुगलेला. तो बदलला, खालून जाळी ठोकली, ड्रायर गरगरला. संध्याकाळी भाऊ घरी आले तेव्हा त्यांच्या खिशात दुकानाचं पत्रक होतं.

“मग काय म्हनले?” मावशी लगेच भिंतीशी.

“म्हणाले, आज नाही तर उद्या घ्यावंच लागेल. मी म्हटलं, घेऊ ना. मोटर जळेल त्या दिवशी घेऊ, आणि सेमीच घेऊ. एक महिना कपडे तुम्ही धुवा, मग मॉडेल तुम्ही ठरवा.”

“मंग?”

“पत्रकाची घडी घालून ठेवली.”

मावशींनी समाधानानं मान हलवली, मग माझ्याकडे वळल्या, आवाज खाली आणला. “काय रे भो, ते एसी स्वस्त झालं म्हनत होता तू... कोपऱ्यावरच्यांनी घेतलं ते त्याच्यानंच का?”