माणूस बदलून पाहा

बरोबर काय आणि चूक काय, हे आपण कसं ठरवतो, ते तपासायची एक कसोटी आहे. कृती तीच ठेवा, शब्द तोच ठेवा, फक्त माणूस बदला. निकालही बदलला, तर समजा की तिथे नियम नव्हताच. माणसाचीच लायकी मोजली जात होती.

सुरुवात वर्गापासून करू. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या, 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. ते योग्यच झालं. ती गाणी खानदेशातल्या त्यांच्या घरच्या बोलीत आहेत, शेतात आणि जात्यावर बोलली जाणारी. पाठ्यपुस्तकात त्यांची कविता आली की गुरुजी ती रंगवून शिकवतात, मुलांकडून पाठ करून घेतात. आणि त्याच वर्गातल्या तिसऱ्या बाकावरचं पोर त्याच बोलीत उत्तर देतं, तेव्हा त्याला थांबवून म्हणतात, नीट बोल. बोली तीच, फक्त तोंड बदललं. छापलेली बोली साहित्य ठरली आणि पोराची बोली चूक ठरली.

'म्या केलं' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी ठरवतो. संतवाङ्मयात 'म्यां' जागोजागी सापडतो, आणि तिथे तो वाचताना आपण हात जोडतो. जुन्या व्याकरणांत ते 'मी'चं तृतीयेचं रूप म्हणून रीतसर नोंदलेलं आहे. शहराने ते रूप टाकलं, गावाने शेकडो वर्षं सांभाळलं. ज्याने सांभाळलं त्यालाच हसायचं, ही कुठली भाषाभक्ती?

'पानी'चंही तेच. हिंदी गाण्यात 'पानी' आला की आपण माना डोलावतो. वऱ्हाडातून पुण्यात शिकायला आलेली मुलगी मेसमध्ये 'पानी द्या' म्हणाली की शेजारच्या टेबलावर खसखस पिकते. एकाच अक्षराला एका तोंडी दाद आणि दुसऱ्या तोंडी टिंगल मिळत असेल, तर भांडण अक्षराशी नाही. संस्कृताचा आधार शोधायला जाल, तर तिथेही 'पानीय' आहे, 'न' घेऊनच. म्हणजे ज्या शुद्धतेचा हवाला द्यायचा, तीही या मुलीच्याच बाजूने साक्ष देते.

कोल्हापूरकडच्या कित्येक बायका 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. नागपुरात माणूस 'काम करून राहिला' असतो. मालवणात 'माका' आणि 'तुका' असतं. यातलं एकही रूप धसमुसळेपणाने आलेलं नाही. प्रत्येकामागे नियम आहे आणि त्या मुलखातलं चार वर्षांचं मूल तो न चुकता पाळतं. बोलणाऱ्यांच्या तोंडी जे नियमाने चालतं तेच व्याकरण. पुस्तकात लिहिलेलं व्याकरण ही त्याची नंतर केलेली नोंद असते.

आता दुसरं टोक पाहा. इंग्रजी शाळेतला मुलगा म्हणतो, 'तो बस आली.' आई कौतुकाने सांगते, त्याचं मराठी जरा कच्चंच आहे. त्या वाक्यात खरी चूक आहे, लिंग चुकलंय, मराठीच्या कोणत्याही बोलीत ते बसत नाही. पण त्याला कोणी हसत नाही, कारण त्याच्या चुकीमागे फी भरल्याचा वास आहे. ही चूक प्रतिष्ठेची. गावाकडच्या मुलाचं बिनचूक वाक्य मात्र लाजेचं. ती आई मुलाचं कौतुक करते म्हणून माझी तक्रार नाही. तेवढंच कौतुक दुसऱ्या पोराच्या वाट्याला येत नाही, ही तक्रार आहे आणि ती मला फार गंभीर वाटते. त्या पोराने त्या दिवशी वर्गात हात वर करणं सोडलेलं असतं.

कोणी म्हणेल, मग काहीही चालवून घ्यायचं का? लेखनाला नियम नकोत का? नियम हवेत. सिंधुदुर्गात लिहिलेलं गोंदियात विनाअडथळा वाचलं जावं, म्हणून लेखनाचा एक ठराव हवा. पण तो ठराव आहे, हे विसरू नये. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली चौदा नियम केले, शासनाने ते स्वीकारले, 1972 साली आणखी चार आले आणि एकूण अठरा झाले. त्याआधी लोक 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'घरांत' लिहीत. ते बरोबर होतं. न लिहिणारा चुकत होता. मग न उच्चारलेले अनुस्वार जायचं ठरलं आणि 'नाव', 'पाच', 'काही', 'घरात' बरोबर झालं. 'कवि' आणि 'गुरु' संस्कृतात ऱ्हस्व. नियमाने सांगितलं की मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ उच्चारला जातो, तर लिहायचाही दीर्घ. 'कवी', 'गुरू' रूढ झाले. काल ज्याचे गुण मिळत होते त्याचे आज कापले जाऊ लागले, आणि मराठीचं काहीही वाकडं झालं नाही.

त्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, ती मला सगळ्यात शहाणी वाटते. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात जसं आहे तसंच छापायचं. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच कबूल केलं की आमचा ठराव आमच्या काळापुरता आहे. आधीच्यांना आम्ही चुकीचे म्हणणार नाही. काळाने दूर असलेल्यांना ही सूट मिळाली. अंतराने दूर असलेल्यांना, म्हणजे वऱ्हाड-खानदेश-मराठवाड्यातल्या जित्याजागत्या माणसांना ती बोलतानासुद्धा मिळू नये, हे मला पटत नाही.

1962 च्या नियमांवर वाद झाले, अजून होतात. होऊ देत. पण त्या नियमांचा एक गुण मान्य करायला हवा. ते कोणी केले हे ठाऊक आहे, कधी केले हे ठाऊक आहे, आणि ते सगळ्यांना सारखे लागू आहेत. प्राध्यापकाचा अनुस्वार वेगळा आणि तलाठ्याचा वेगळा, असं तिथे नाही. पटत नसेल तर कुठे जाऊन भांडायचं हेही माहीत आहे. वागण्याबद्दलचे आपले बहुतेक नियम या परीक्षेत नापास होतात.

धोंडो केशव कर्व्यांचं घ्या. पहिली बायको वारल्यावर 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. नवराही विधुर, बायकोही विधवा. दोघांच्या वाट्याला एकच दुःख आलेलं, दोघांनी एकच गोष्ट केलेली. विधुराने पुन्हा लग्न करणं इतकं रोजचं होतं की त्याला नावसुद्धा नव्हतं. विधवेने केलं की तो पुनर्विवाह, आणि त्यावर गाव पेटायचं. कर्व्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 सालीच झाला होता. तो सदतीस वर्षं जुना होता, पण गावाच्या लेखी नव्हताच. पुढे 1958 साली याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. पासष्ट वर्षांत त्यांच्या कृतीत तसूभरही बदल झाला नव्हता.

आणि महाड. 1923 साली मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव संमत झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर सत्याग्रहींना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्या तळ्यावर इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते, गुरं पाणी पीत होती. त्यांच्यामुळे तळं कधी बाटलं नव्हतं. या ओंजळीनंतर मात्र मोर्च्यातल्या लोकांना मारहाण झाली आणि शेणा-गोमूत्राने तळ्याची शुद्धी करण्यात आली. माणूस बदलून पाहायची कसोटी इतकी उघडी-नागडी दुसरी कुठे मिळायची नाही.

त्यापुढचं प्रकरण लोक कमी सांगतात. सवर्ण मंडळी कोर्टात गेली. आमची वहिवाट आहे, अनादि काळापासून हे असंच चालत आलंय, असा त्यांचा दावा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1937 साली निकाल लागला: अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं मिळाली, वकील मिळाले, साक्षीदार मिळाले, तरी 'हे असंच चालत आलंय' हे वाक्य शाबीत करता आलं नाही. वागण्यातलं योग्य-अयोग्य सांगताना आपण सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य वापरतो, तेच. पुढच्या वेळी घरातलं कोणी मोठं माणूस ते उच्चारील, तेव्हा आदराने विचारावं: कधीपासून? कोणी ठरवलं? कोणाकोणाला लागू? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर ती रीत पाळायची सक्ती कोणावर करता येणार नाही.

महाड जुनं झालं असं वाटत असेल, तर स्वतःच्या स्वयंपाकघरातलं फडताळ उघडा. घरकामाच्या मावशींचा कप वेगळा आहे का? कोपऱ्यात, कान तुटलेला, बाकीच्यांत न मिसळणारा? असेल तर ते तळं अजून तुमच्या ओट्यावर आहे.

आणि मावशींना हाक कशी मारता? आमच्या मराठीने माणसांना मान द्यायची आणि मान काढून घ्यायची सोय क्रियापदातच करून ठेवली आहे. 'या' आणि 'ये' यांत सगळं येतं. तिशीतल्या डॉक्टरला 'अहो डॉक्टर' आणि साठीतल्या रिक्षावाल्याला 'ए रिक्षा'. जावई घरी आले की 'अहो, बसा', आणि सून आयुष्यभर 'अगं'. नवऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या सुनेचं वागणं चूक ठरतं, आणि तिला 'ए, इकडे ये' म्हणणाऱ्याचं कोणी नावही घेत नाही. ही वाक्यं अठराच्या अठरा नियमांत बसतात. एक वेलांटी चुकलेली नाही. तरीही त्यांत चूक आहे, आणि ती 'ण'च्या जागी 'न' आल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण तिने समोरचं माणूस लहान होतं. जातीवरून टोमणा मारणाऱ्या कितीतरी म्हणी व्याकरणाने निर्दोष आहेत. त्या तोंडात येताच गिळायच्या असतात. गावोगावच्या वस्त्यांना दिलेली जातींची नावं काढून टाकायचा निर्णय राज्य सरकारने 2020 साली घेतला. त्या नावांचं शुद्धलेखन बरोबरच होतं की.

माझं म्हणणं एवढंच आहे की राग दोन जागी वाटून ठेवलाय तो उलटा आहे. ज्याने कोणालाही इजा होत नाही, अशा गोष्टींवर आपण तुटून पडतो: कोणाचा 'ण', कोणाची कपाळावरची टिकली, कोणाचं ताटात भात कालवणं, कोणी मंगळसूत्र घातलं की नाही. आणि ज्याने माणूस मोडतो तिथे 'जाऊ दे, त्यांच्यात तसंच असतं' म्हणून पुढे जातो. जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकलं, तर गावात कोणी चुलीचा विस्तव देत नाही, लेकीचं लग्न ठरत नाही, मयताला खांदा मिळत नाही. हे शतकानुशतकं योग्य मानलं गेलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 2016 साली केला, 2017 साली तो लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मुरुडने कर्व्यांबाबत जे केलं त्याविरुद्ध हा कायदा यायला आपल्याला सव्वाशे वर्षं लागली. कायदा आला म्हणून तक्रार द्यायला माणूस पुढे येतोच असं नाही. शेजारी साक्षीला उभा राहिला तर येतो.

बोलीवरून माणूस मोजणं तरी लगेच बदलायचं असेल, तर एक जागा मी दाखवतो, कारण ती आपल्या हातात आहे आणि त्याला कायदा लागत नाही. शाळा-कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये परीक्षकांच्या तक्त्यात उच्चारशुद्धीचे गुण असतात. येत्या गॅदरिंगपासून तो रकाना खोडा. त्या जागी लिहा: म्हणणं स्पष्ट मांडलं का, पुरावा दिला का, समोरच्याचा मान राखला का. निबंधाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण खुशाल कापा, तो लेखनाचा ठराव आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. पण व्यासपीठावर मूल मेळघाटातून आलंय, चंदगडमधून आलंय की जव्हारमधून, हे त्याच्या तोंडून ऐकू येऊ दे. परीक्षक म्हणून तुम्हाला बोलावलं आणि तो रकाना तसाच छापलेला दिसला, तर सगळ्या मुलांना त्यात पैकीच्या पैकी देऊन टाका आणि संयोजकांना कारण लेखी कळवा.